सुपाआडचा कांदा

अण्णा, परवा मुंबईत एक चित्र विकलं गेलं. दोन वितींएवढं असेल. त्यात एक काळा गोल, खाली विटकरी पट्टा आणि कोपऱ्यात पिवळ्या रंगाचा एक फराटा, एवढंच. आकडा सांगत नाही, तुम्ही चष्मा काढून पुसत बसाल. कोटींत होता, आणि ते कोटी एका हाताच्या बोटांवर मावत नव्हते. लिलावाच्या आधी ते चित्र माझ्यासमोर आणून ठेवलं होतं. ते ज्याचं म्हणतात त्याच चित्रकाराच्या हातचं आहे की कुणी नक्कल मारली आहे, ते मी सांगायचं. गेली कितीतरी वर्षं मी हेच काम करते. भिंग लावून बघते, चित्र उलटं करून त्याची पाठ बघते आणि शेवटी एका कागदावर लिहून देते की हात त्याचाच. मग लोक पैसे लावतात. तुमची मुलगी चित्र काढत नाही, अण्णा, कुणी काढलं ते सांगते.

तुम्ही असता तर विचारलं असतंत, एवढे पैसे कशाचे, रंगात सोनं घालतात काय? पेपरवाले विचारतात तेव्हा माझं एक ठरलेलं उत्तर असतं. त्यात प्रतिभा असते, परंपरा असते, काळाची कसोटी असते. तुम्हाला ते ऐकवायची मला लाज वाटते. खरं सांगायचं तर चित्रकार मेलेला असतो, त्यामुळं माल वाढत नाही. लिलावाच्या खोलीत दोन पैसेवाले बसलेले असतात, दोघांना तेच चित्र हवं असतं आणि चारचौघांत माघार घ्यायची दोघांनाही लाज वाटते. काहींना तर ते बघायचंही नसतं. चित्र पेटीतून निघतं आणि थेट कुलपात जातं, भाव चढेपर्यंत तिथंच पडून राहतं, जशी लोक रस्त्याकडेची जमीन घेऊन पड टाकतात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट कागदाची. आधी ते कुणाच्या घरात होतं, कुठल्या प्रदर्शनात लागलं होतं, हात कुणाचा हे कोण म्हणालं. कागद नसेल तर तेच चित्र रद्दीवाला उचलून नेईल. कागद लागला की कोटी. मधल्या वेळात चित्रातली एक रेघसुद्धा बदललेली नसते, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता त्याचं नवल वाटत नाही.

हा प्रश्न आपल्या घरात पहिल्यांदा आला तो आपण भूम गावी असताना, तुम्ही तिथल्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होता तेव्हा. सोलापूरचा पेपर एसटीनं दुसऱ्या दिवशी यायचा आणि शिक्षकांच्या खोलीत हातोहात फिरायचा. त्यात बातमी होती की परदेशात एका चित्राला लाखो रुपये आले. शेजारी शाईनं माखलेला फोटो, एका बाईचं तोंड आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला. गणिताचे मास्तर तुम्हाला म्हणाले, "मास्तर, आपल्या पोरांची चित्रं धाडून द्या की तिकडं. लई पैसा ईल." सगळे हसले, तुम्हीही हसलात. पण पेपर घडी करून घरी आणलात. मला अजून दिसतं, चुलीपुढं बसून तुम्ही तो फोटो उजेडाकडं धरून बघताय आणि आई भाकरी थापता थापता वाकून बघतेय.

"अवो, एवढ्या पैशात भूमचा आख्खा बाजार ईल की इकत! त्या बाईचं त्वांड तरी सरळ काढायचं हुतं."

"त्याला सरळ येत असणार," तुम्ही म्हणालात. "ही हनुवटीची रेघ बघ. एका दमात वढलीय. त्यानं मुद्दाम तसं केलंय."

"मग पैसं कशाचं?"

"ते काय मला न्हाय कळत," म्हणून तुम्ही पेपर माझ्याकडं दिलात. मी त्याचं वहीला कव्हर घातलं.

त्याच वर्षी तुमचा कागद चालेनासा झाला. ड्रॉइंगची परीक्षा तुम्ही निजामाच्या अमलात हैदराबादला जाऊन दिली होती. सर्टिफिकेट उर्दूत, खाली मोठा गोल शिक्का. निजामी गेली तेव्हा कुणी काही बोललं नाही. पण पुढं आपला मुलूख मुंबई राज्याला जोडला आणि खात्याचा हुकूम आला, की चित्रकलेच्या ज्या मास्तरांचा जुना कागद मान्य नाही त्यांनी यंदा नवी परीक्षा पास व्हावं, नाहीतर जागा सोडावी. शाळाखात्याच्या साहेबांनी तुमचं सर्टिफिकेट उलटं धरलं होतं. तुम्ही ते हळूच सुलटं करून त्यांना वाचून दाखवलंत. त्यांनी ऐकून घेतलं आणि परत दिलं.

त्याच परीक्षेला मीही बसले होते. पहिली श्रेणी आली तर पुढं शिकायला सरकारची मदत मिळणार होती, आणि आईनं सरळ सांगून टाकलं होतं, "पैल्या नंबरात आली तर शिकवा. न्हाय तर मागसरात उजवून टाकू. सोनारीचं स्थळ काय जल्मभर थांबायचं न्हाय." तुम्ही "बघू" म्हणालात. तुमची नोकरी आणि माझं लग्न, दोन्ही त्या एका परीक्षेवर येऊन थांबलं.

उस्मानाबादला आपण बरोबरच गेलो, दोघांच्याही मांडीवर चित्राचा कागद टाचायचा एकेक पाट. केंद्रावर पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत म्हणाली, "मास्तरच परीक्षेला!" तुम्ही त्यांनाच विचारलंत, "पेन्सिली तासल्या का रे?" वस्तुचित्राचा पेपर होता. मधे टेबलावर तांब्याची घागर, तिला टेकवून सूप, दोन कांदे आणि मागं निळं कापड. भोवती आपण सगळे अर्धगोल करून खाली बसलेलो. तुम्ही माझ्या डाव्या अंगाला. माझ्या घागरीचं तोंड काही केल्या बसेना. खोडून खोडून कागदाचे तंतू वर आले. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा बाहेर गलका झाला आणि पर्यवेक्षक व्हरांड्यात ओरडायला गेले. तेवढ्यात तुम्ही तुमचा पाट माझ्या मांडीवर सरकवलात आणि माझा उचललात.

"नंबर टाक."

"अण्णा..."

"टाक, बाई. मला कुठंबी काम मिळंल."

मी तुमच्या चित्राच्या कोपऱ्यात माझा नंबर टाकला, तुम्ही माझ्या चित्रावर तुमचा.

पुष्कळ वर्षं मी धरून चालले होते, की शेवटच्या घटकेला तुम्हाला माझी कीव आली. मग मुंबईत शिकत असताना एकदा वर्गात असंच सूप मांडलं होतं आणि मला एकदम आठवलं. तुमच्या जागेवरून एक कांदा सुपाआड जात होता. दोन कांदे दिसत होते ते माझ्या जागेवरून. आणि तुमच्या कागदावर दोन्ही कांदे होते. म्हणजे पहिल्या रेघेपासून तुम्ही मान कलती करून माझ्याच जागेवरून काढत होता. घंटा झाल्यापासून तुम्ही माझाच पेपर सोडवत होता, अण्णा. मी वर्गातून उठून नळावर जाऊन तोंड धुतलं. त्यानंतर मी फारसं काढलं नाही. दुसऱ्यांची चित्रं बघायला लागले.

मला पहिली श्रेणी मिळाली. तुम्ही वस्तुचित्रात नापास झालात. पण जे सांगायचं आहे ते यापुढचं आहे. साहेब वाईट नव्हते. ते आपल्या घरी आले, घोंगडीवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, बाकीच्या पेपरांत तुम्ही केंद्रात सगळ्यांच्या वर आहात. मग यातच नापास कसे? काही घोटाळा असेल तर सांगा, मी कागद काढून परत तपासायला लावतो." तुम्ही घोंगडीची सुरकुती काढत बसलात. कागद निघाले असते तर माझाही निघाला असता. साहेब माझ्याकडं वळले. "पोरी, तू शेजारीच होतीस ना? काय झालं होतं?"

मला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "अण्णांचा हात कापतो. घरीपण कापतो."

तुम्ही एकदाच माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. तुम्ही कपबशी घेतलीत आणि ती वाजायला लागली. चहा धोतरावर सांडला. साहेबांनी नजर वळवली आणि "असं होय," म्हणून फायलीत काहीतरी लिहिलं. आई दारातच उभी राहिली.

"अवो, कवापासनं?"

"झालं की लई दिस," तुम्ही म्हणालात.

नोकरी गेलीच. पण तुम्ही म्हणाला होता ते दुसरं कामही मिळालं नाही, कारण मास्तरांचा हात कापतो हे भूमभर झालं. दुकानाच्या पाट्या रंगवायला कोण देणार? शेवटी एका कापडाच्या दुकानात ठाणं उलगडायला आणि परत गुंडाळायला लागलात. आईनं तुम्हाला पुन्हा कधी भरलेला कप दिला नाही, अर्धाच द्यायची. तिच्यासमोरही तुम्हाला ते निभवावं लागलं, कारण तिच्या पोटात काही राहत नव्हतं, तिला कळलं असतं तर सोनारीपर्यंत गेलं असतं आणि तिथून साहेबांपर्यंत. मी सुटीला आले आणि आई देवळात गेली, की तुम्ही खडू घेऊन फरशीवर एका दमात गोल काढायचात, माझ्याकडं बघून हसायचात आणि पायानं पुसून टाकायचात. मीही हसायचे. त्याची मला आज फार लाज वाटते.

तुमच्यामागं आई पुष्कळ वर्षं राहिली. "त्यांचा हात कापायचा, न्हाय तर लई मोठे झाले असते," असं ती येईल त्याला सांगायची आणि मी शेजारी बसून ऐकायचे. तिला सांगितलं असतं तर पहिली श्रेणी कुणाची तेही सांगावं लागलं असतं. मी नाही सांगितलं. हे लिहिलेलंही कुणाला दाखवणार नाही, माझ्या नावावर अजून लोक पैसे लावतात.

तुम्हाला भेटायला शेवटचं आले तेव्हा आई बाजाराला गेली होती. घरात आपण दोघंच. मी चहा करून तुम्हाला दिला आणि कप बशीवर वाजला. बघायला कुणी नव्हतं, तरी वाजला. मी लिलावाचं चित्र बघावं तसं तुमच्या मनगटाकडं बघत राहिले. कंप खरा होता की इतक्या वर्षांची सवय, मला ओळखता आलं नाही. विचारलं फक्त, साखर कमी झाली का? "बराबर हाय," तुम्ही म्हणालात आणि दोन्ही हातांनी कप धरून प्यालात. अण्णा, तो कप वाजला तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं. वाटलं, चला, मी साहेबांना सांगितलेलं आता खोटं राहिलं नाही.