हिमानीला आलेला वास

प्रिय श्रुती,

तू आत्या झाली गं! हिमानीला पोरगी झाली, तिच्या माहेरी, सौंसरला. दोघी खुशाल आहेत. तुझा भाऊ केतन त्या पोरीला काचेचं भांडं उचलल्यासारखा उचलते. पण आधी ही तुझी आजी त्या दिवशीचं गाडीचं सांगते. मधात तुझ्या बाबाचं नाव येईन, तरी पत्र बाजूला ठेवू नको.

केतननं जुनी गाडी घेतली, संत्र्याच्या गोदामात उभी राहते. हिमानी कितीतरी दिवसांपासून म्हणून राहिली होती की मागच्या सीटवर बसलं की पेट्रोलचा वास येते. तुझे बाबा म्हणाले, पोटुशीला वास येतातच. शेजारची दीपाली म्हणाली, मला तर फोडणीचाही सोसत नव्हता. मीही म्हटलं, हाव, तसंच असते. केतननं आरशाखाली सुगंधाची बाटली टांगली, झालं.

तिला माहेरी पोचवायला निघालो, तर वाटेत जामसांवलीला मारुतीचं दर्शन घेतलं. गाडीची पूजा राहिलीच होती. ऊन लय होतं म्हणून हिमानी आत बसलेली आणि इंजिन चालूच. तुझ्या बाबानं नारळावर कापूर ठेवला, पेटवून गाडीभोवती ओवाळायचा म्हणून. तेवढ्यात हिमानी पोट सावरत उतरली. मागच्या दाराखाली माती ओली झालेली तिला दिसली. बाबांनी काडी घासायला धरली होती. तिनं ती काडीपेटी त्यांच्या हातातून हिसकून घेतली. सासऱ्याच्या हातातून! मी तर जागीच थिजली. बाबा चिडले, चारचौघात हे काय म्हणून. तरी ती पेटी देईना. केतन वाकला, मातीला बोट लावून वास घेतला आणि त्याचा चेहराच उतरला.

इंजिन बंद केलं. उदबत्त्यांच्या दुकानांपासून लोकांनी गाडी ढकलत दूर नेली. सौंसरहून कुणाल मेकॅनिक आला. त्यानं खालून सारं कोरडं पुसलं आणि म्हणाला, गळती पाहायची तर इंजिन एकदा चालू करा लागेल. आम्हाला पार लिंबाखाली पाठवलं. हिमानीनं माझा हात असा आवळला होता की बांगडी रुतली. केतन चाबी फिरवायला बसला आणि मी डोळे मिटून मारुतीचं नाव घेत राहिली. टाकीजवळची रबराची नळी उंदरानं कुरतडली होती, तिथून थेंब फुटला. इंजिन थंड होऊ दिलं, बॅटरीची तार काढली, तेवढी नळी कापून नवी बसवली, दोन्हीकडून पट्ट्या आवळल्या. मंग परत चालू करून कोरडा कागद खाली धरला. कागद कोरडाच राहिला. तरी हिमानी लवकर बसेना. कोणी तिला घाई केली नाही.

तू आपल्या मनानं लग्न केलं तेव्हापासून घरात तुझं नाव निघालं की तुझे बाबा उठून जातात, तुला माहीत आहे. त्या दिवशी हिमानीसाठी दार उघडून धरलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आई, हिचं आपण ऐकलं नाही. श्रुतीचंही ऐकून घेतलं नव्हतं."

बारसं आपल्या घरी पांढुर्ण्यालाच आहे. हिमानी म्हणते, आत्याशिवाय कोणी पोरीच्या कानात नाव सांगायचं नाही. मला वाटलं, आता तुझे बाबा उठून जातील. उठले नाहीत. म्हणाले, आई, तूच लिही, आणि वैभवलाही घेऊन ये म्हणा, जावई म्हणून. तर पोरी, मी लिहून राहिली ते याच्यासाठी. नाव तू ठरवून आण.

तुझी वाट पाहणारी,
तुझीच आजी