घाटावरच्या पाण्याची बाटली

बंगळुरू, ४ ऑगस्ट २००७

ती. आईस स्नेहलचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. मेसमधलं सांबार आता अंगी लागतंय.

आपल्या हर्षलदादासोबत पाठवलेली गोदावरीच्या पाण्याची बाटली मिळाली. आम्ही पाण्यातल्या जीवाणूंची जनुकं वाचून, कॉम्प्युटरवर ताडून नदीची तब्येत ओळखायला शिकतोय. पण आपल्या सायखेड्याच्या बाटलीत जिवंत काहीच सापडेना. सर चक्रावले. हर्षलला फोन केला, तर म्हणाला, "आईनं गाळून, उकळून दिलंय. म्हणली, पोरगी लांब हाय, चुकून प्याली तर?"

पुढची बाटली न उकळता दे. मी पिणार नाही, तुझी शपथ.

अण्णांचं पोट आता कसं आहे? घरी तुम्ही पाणी तसंच पिता, मला ठाऊक आहे. बाकी गावांच्या बाटल्यांत काय निघालं ते लिहीत नाही. तू फक्त घरचंही उकळत जा.

तुझीच,
स्नेहल