खुलं विज्ञान, बुधवारी दुपारी

नोशातेल, १२ फेब्रुवारी
कुलगुरूंनी होकार दिला. आमच्या विद्यापीठात खुल्या विज्ञानाचं मंडळ मी उभं करणार. प्रोफेसरापासून प्रयोगशाळेतल्या मदतनिसापर्यंत सगळ्यांना प्रवेश. ज्याने त्याने आपली आकडेवारी मोकळ्या मनाने इतरांना द्यायची. अध्यक्ष उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ठरेल. दुसरं आहे कोण म्हणा! पहिली सभा बुधवारी दुपारी. तेव्हा मी मोकळा असतो.

१४ फेब्रुवारी
ग्रंथालयातल्या जिस्लेनबाई म्हणाल्या, इथे दर बुधवारी दुपारी शाळा बंद, लोकांनी पोरं कुठे ठेवायची? म्हटलं, कुठलीही वेळ कुणाच्या तरी गैरसोयीचीच. तर म्हणे, मग ती दर वेळी तुमच्याच सोयीची कशी निघते? बाई चांगल्या आहेत. दूरचं दिसत नाही, इतकंच.

५ मार्च, बुधवार
सभा झाली. मी, जिस्लेनबाई आणि प्रोजेक्टर लावायला आलेला माणूस. तोही शेवटपर्यंत थांबला, म्हणजे सर्वसमावेशक झालीच. वाइन आणि चीज उरलं, घरी आणलं. वाईट वाटायला हवं होतं बहुतेक. वाटलं नाही.

१९ मार्च
आवा सार आली होती. डाकारची, पीएचडी करते. इथल्या सरोवराच्या पाण्याचं तापमान मी एकोणीस वर्षं मोजतोय, ते आकडे तिला हवेत. त्यावाचून प्रबंध अडलाय आणि जूनमध्ये शिष्यवृत्ती संपते. म्हटलं, अवश्य. फक्त जरा साफसूफ करून ईस्टरनंतर देतो. खुलं म्हणजे काही उघडंवाघडं नव्हे.

६ मे
आवा पुन्हा. म्हणाली, प्रोफेसर, कुठल्या वर्षीचा ईस्टर ते विचारायचं राहिलं. हसलो. मुलगी विनोदी आहे.

२० मे
दर मंगळवारी सकाळी ग्रंथालयात कॉफीला बरीच माणसं जमतात म्हणे. आकडे देतात, घेतात. जमवली जिस्लेनबाईंनी. कल्पना माझीच, पण मला आमंत्रण नाही. बाईंना तसं सुनावलं. म्हणाल्या, अहो, आमंत्रण कुणालाच नसतं, दार उघडंच असतं, या की! संस्थापकाने असं आगंतुकासारखं जायचं? रीतसर पत्राची वाट बघतोय.

३ जून
पत्र नाही. आज कुलगुरूसुद्धा कॉफीला गेले होते.

१७ जून
आवाचा प्रबंध पूर्ण झाला. शेजारच्या गावच्या पाणीखात्याकडे सरोवराचं तापमान रोज नोंदलेलं होतं. तिने मागितलं, त्यांनी दिलं. तिने ते लगेच सगळ्यांसाठी खुलं केलं. भेटली तेव्हा म्हटलं, माझं साफ करणं संपतच आलंय. ती म्हणाली, असू दे प्रोफेसर, आता नको.
संध्याकाळी तिचे आकडे माझ्या आकड्यांशी ताडून पाहिले. तंतोतंत जुळले. साफ करण्यासारखं काही नव्हतंच.

२४ जून
अध्यक्ष जिस्लेनबाई. अभिनंदन केलं. म्हणाल्या, मंगळवारी याल ना? बघतो म्हटलं.

२५ जून, बुधवार
दुपारी मोकळा होतो. एकोणीस वर्षांचे आकडे खुले केले. सगळ्यांना कळवलं. रात्रीपर्यंत एकाने उतरवून घेतले. लिंक चालते का बघायला मीच उतरवले होते. चालते.
आज मात्र वाईट वाटलं.