मान हलवली त्याबद्दल

मी, कुमारी सुमेधा पंढरीनाथ खळदकर, वय वर्षे एकसष्ट, व्यवसाय जपानी भाषेची दुभाषी, मूळची पुण्याची, सध्या राहणार ओजिमा, कोतो वॉर्ड, तोक्यो, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या मर्जीने आणि पूर्ण शुद्धीत लिहिते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी संतापलेली आहे, हे मात्र खरं. संतापाला कायद्यात वेड म्हणत नाहीत, याची खात्री करून घेतली आहे.

पूर्वी केलेलं मृत्युपत्र मी फाडलं आहे. त्यात सगळं भाच्याला होतं.

घाई अशासाठी की येत्या दोन तारखेला मी विमानाने एका लहान बेटदेशात जात आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांना ठाऊक हवं त्यांना ठाऊक आहे. तिथे सात तारखेला तेवाके नावाच्या माणसावर खटला उभा राहतो, आणि त्याला सोडवू शकेल अशी साक्ष जगात फक्त माझ्याकडे आहे. तिथली माणसं मला जिवंत परत पाठवतील याची मला खात्री नाही. त्यांच्या जागी मी असते तर पाठवलं नसतं.

कलम १. ओजिमाचं घर भाड्याचं आहे. ते कोणाला देता येत नाही. आतलं सामान शेजारच्या सौ. विभा यांनी न्यावं, उरलेलं वॉर्डाच्या नियमाप्रमाणे वेगवेगळं करून त्या त्या वारी टाकावं. मोडकं कपाट मोठ्या कचऱ्यात जातं, फोन करून दिवस घ्यावा लागतो. हे लिहून ठेवते कारण मी गेल्यावर मजल्यावरच्या आजी माझ्या नावाने बोटं मोडतील.

कलम २. जपानी-इंग्रजी मोठा शब्दकोश आणि माझी सगळी पुस्तकं विभाची मुलगी मैत्रेयी, वय आठ, हिला द्यावीत. ती इथेच वाढली, मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देते. एकदा तिने मला विचारलं, खेळायला येऊ का. मी मान हलवली. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "दोच्ची?" म्हणजे, यातलं नक्की कुठलं? आजी, हो की नाही? एवढंच त्या तेवाकेने विचारलं असतं तर सात माणसं आज जेवत असती.

कलम ३. आता ते लिहिते.

दोन हजार सहाच्या जुलैत मी एका सल्लागार कंपनीसाठी दुभाषी म्हणून बसले होते. ही कंपनी लहान बेटांच्या सरकारांना हवामानाबद्दलची राष्ट्रीय वचनं लिहून देते: धूर किती कमी करणार, कधीपर्यंत, कशाच्या जोरावर. तेवाके त्या देशाचा अधिकारी. वय चाळीस, अंगाने पैलवान, बोलायला लाजरा. त्याच्या अख्ख्या देशाचा धूर आमच्या कोतो वॉर्डाच्या धुरापुढे खिजगणतीतही नसेल. तरी तो म्हणाला, "आम्ही आधी शब्द दिला तर मोठ्यांना लाज वाटेल." वचन असं होतं: जपानने सौरऊर्जेचं सामान आणि नवी समुद्रभिंत दिली, तर आम्ही डिझेलचं वीजघर बंद करू. या वाक्यात जीव होता तो "तर" या शब्दात.

जपान सरकारतर्फे कंपनीचे संचालक मोरिशिता यांनी उत्तर दिलं, "माएमुकी नि केन्तो शिमासु." शब्दशः, अनुकूल विचार करू. तोक्योतलं शेंबडं पोरही सांगेल की याचा अर्थ "नाही" असा होतो. आपल्याकडे आई "बघू" म्हणाली की पोरं ओळखतात, तेच. मी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं. वहीत तसंच टिपलं.

बाहेर लिफ्टपाशी तेवाकेने मला गाठलं. "सुमेधा-सान, म्हणजे हो ना?"

दुभाष्याने स्वतःचं मत द्यायचं नसतं. मागे मोरिशिता उभे होते. मी तोंड उघडलं नाही. मान हलवली. कशी, ते नीट लिहिते, कारण एका माणसाची कैद तिच्यावर ठरणार आहे. वरखाली नाही. आडवी नाही. या खांद्याकडून त्या खांद्याकडे, जराशी तिरकी, दोनदा. पुण्यात दुकानदारापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे हलवतात. तिचा अर्थ "ऐकलं हो", "बरं बरं", आणि पुष्कळदा काहीच नाही. पस्तीस वर्षं जपानात वाकून नमस्कार केले, जीभ जपानी झाली, मान पुण्याचीच राहिली.

त्याने ती होकार म्हणून घेतली. इथवर चूक म्हणता येईल. पण तो वळताना मी त्याचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, याने हो ऐकलंय. मी हाक मारली नाही. लिफ्टचं दार लागलं. त्याला चूक म्हणत नाहीत, आणि त्याला दुसरा शब्द शोधायला मला दोन वर्षं लागली. भ्याडपणा.

त्याने स्टेशनवरून मायदेशी फोन केला. मंत्रिमंडळाने वचनातला "तर" खोडला आणि ते बिनशर्त जाहीर केलं. पुढच्या वर्षी वीजघराचं इंजिन भंगारात गेलं, जुनी दगडी भिंत नव्या भिंतीसाठी पाडली. कंपनीची माणसं तिथे जाऊन फोटो काढून आली. कोणी ब्र काढला नाही. विचारलं की म्हणत, विचार चालू आहे.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत वादळ आलं. भिंत नव्हती. वीज नव्हती, म्हणून इशाऱ्याचा भोंगाही वाजला नाही. समुद्र घराघरांत घुसला आणि माणसांना त्यांच्याच पत्र्यांवर आपटून मारलं. सात गेले. एकीची ओळख तिच्या बांगडीवरून पटली. दुसऱ्या दिवशी गावाने तेवाकेला घरातून फरफटत बाहेर काढलं, माडाच्या बुंध्याला बांधलं आणि दोन्ही हात कोपरापासून मोडले. मोडणाऱ्यांत त्याचा सख्खा भाऊ होता. भावाची मुलगी त्या सातांत होती. हे मला तेवाकेच्या पत्रातून कळलं. पत्र दुसऱ्याने लिहिलेलं, कारण त्याला पेन धरता येत नाही. त्यात मला एक शिवी नाही. एवढंच विचारलंय, "तुम्ही हो म्हणाला होतात ना? इथे सगळे म्हणतात मी खोटं बोललो."

कलम ४. मोरिशितांना माझ्याकडून काहीही नाही. जे द्यायचं ते दिलं. पत्र घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी चहा मागवला. पत्र वाचून म्हणाले, "पाणी नाकाशी आलेली माणसं. वचनं कशाला द्यायची त्यांनी?" आणि हसले. टेबलावर कागदांना भोकं पाडायचं लोखंडी यंत्र होतं. दात घशात घालीन असं आपण नुसतं म्हणतो. मी घातले, दोन. रक्त राष्ट्रीय वचनांच्या फाइलवर उडालं. मला त्या आवाजाचं समाधान वाटलं आणि आजही वाटतं, हे प्रामाणिकपणे नोंदवते. त्यांनी फिर्याद केली नाही, कारण फिर्याद केली असती तर पत्र पोलिसांसमोर आलं असतं.

उलट त्यांनी त्या देशाच्या कोर्टाला कळवलं की आम्ही होकार दिलाच नव्हता, दुभाषीची वही पाहा. वहीत "विचार करू" असंच आहे. माझ्या वहीत एक अक्षर खोटं नाही आणि त्याच वहीने तेवाकेला, सरकारला खोटं सांगितल्याच्या आरोपाखाली, आत टाकलं. मी कोर्टाला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं, मान हलवणं कागदावर सिद्ध होत नाही, साक्षीदाराने समक्ष यावं.

कलम ५. माझा भाचा रणजित, माझ्या भावाचा मुलगा, संगणक अभियंता, राहणार हिगाशी-कसाई. त्याला सहा वर्षांपूर्वी मीच इथे आणलं. त्याची कंपनी मोरिशितांचं काम करते. गेल्या शनिवारी दुपारी तो आला.

"आत्या, तुझ्या वहीत आहे ते ट्रू आहे ना? मग तेवढंच सांग आणि गप्प बस. माझा प्रोजेक्ट जाईल, व्हिसा जाईल."

"सात माणसं गेली, रणजित."

"तू मारलीस का त्यांना? कोण तो तेवाके? मान काय हलवली, त्यावरून कोणी फाशी जातं का?"

त्याने माझा लिहिलेला जबाब उचलला आणि फाडला. मी कागद हिसकायला गेले, त्याने मला ढकललं, माझं डोकं ओट्यावर आपटलं. हाताला खलबत्त्यातला बत्ता लागला. तो मी त्याच्या कपाळावर हाणला. मग दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो, तो रुमालाने रक्त दाबत, मी फडक्याने. पाच टाके त्याला, तीन मला. एका घराण्याचे आहोत, हे डॉक्टरांनी न विचारता ओळखलं असेल.

रणजितला माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये. परंतु या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी. तो मला आवडत नाही, पण हाती घेतलेलं काम अर्धवट टाकत नाही. गणपतीच्या वर्गणीपासून पाहते आहे.

कलम ६. त्या देशाचं नवं वचन पुढच्या महिन्यात कोपनहेगनच्या हवामान परिषदेत मांडलं जाणार आहे. मसुदा पुन्हा याच कंपनीने केला, आणि त्यात पुन्हा "तर" नाही. माझ्या टिपणवह्या आणि या लेखाची नक्कल मी तिथल्या सरकारला समक्ष देणार. त्याआधी माझं बरंवाईट झालं तर रणजितने पोचवाव्यात. ज्याचं घर पाण्यात आहे त्याने शब्द जरूर द्यावा. पण मोठ्याकडून हो किंवा नाही, असं एका अक्षरात वदवून घेतल्याशिवाय जुनी भिंत पाडू नये.

कलम ७. पुण्याचं माझं कोथरूडचं घर, माझी स्वकष्टाची आणि निर्वेध मिळकत, ही विकून येणारी सर्व रक्कम त्या सात घरांना सारखी वाटून द्यावी. ही भरपाई नव्हे. भरपाई म्हणायची माझी लायकी नाही.

कलम ८. सात तारखेला मी साक्ष देईन: या माणसाने खोटं सांगितलं नाही, याला मी फसवलं, आणि कळल्यावरही थांबवलं नाही. नंतर मी कोर्टाच्या मागच्या दाराने जाणार नाही. गावात पायी जाईन आणि सात दारांत सात वेळा हेच सांगेन. तिथे मला मारहाण झाली, हात मोडले, किंवा जीव गेला, तर कोणावरही फिर्याद करू नये. वकिलातीने चौकशी मागू नये. रणजितने तर मुळीच आकांडतांडव करू नये. आणि हे विशेष लक्षात ठेवावं: ज्या घरातून माझ्यावर हात उठेल, त्या घराचा हिस्सा कापू नये. पहिला घाव ज्याने घातला, त्याला पहिला हिस्सा पोचवावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सुमेधा पंढरीनाथ खळदकर

ठिकाण: ओजिमा, कोतो वॉर्ड, तोक्यो
दिनांक: २२ नोव्हेंबर २००९

साक्षीदार १: सौ. विभा. सही माझी आहे आणि मावशी शुद्धीत आहेत. त्यांनी जाऊ नये असं मी त्यांना तीनदा सांगितलं, तेही नोंदवावं.

साक्षीदार २: बाळासाहेब, बँक अधिकारी, सध्या बदलीवर तोक्यो. माझ्यासमोर सही झाली.

अंमलबजावणी करणारा: रणजित. वाचलं. पटलं नाही. करीन.