राउटरचा मालक

बोर्ली पंचतन,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. वहिनींचा गुडघा पुन्हा धरलाय हे वाचून वाईट वाटलं. तळा गावच्या बाजाराला तू जात जा आणि त्यांना म्हणावं, घरात बसून हुकूम सोडा. मी बरी आहे. पाऊस उघडझाप करतोय. विहीर काठोकाठ भरली.

तू लिहितोस, कानाने साथ सोडल्यापासून फोनपेक्षा पत्र बरं वाटतं. मलाही तेच बरं वाटतं. फोनवर माणूस आवाजात पकडला जातो.

आता नवलाची बातमी. माझ्या घरात वायफाय आलं! प्रज्योतने खारघरहून राउटरचा डबा कुरियरने पाठवला. बाजारपेठेत केबलचं ऑफिस चालवते ती पूनम स्वतः स्कूटीवरून आली आणि खांबावरून वायर ओढून दिली. वायर कसली, आत केसाएवढी काचेची तार! त्यातून म्हणे उजेड धावतो आणि त्या उजेडावर सगळं येतं. पूनम गेल्यावर कापलेला तुकडा मी उचलून ठेवला. खोलीत अंधार केला, एका टोकाला टॉर्च धरली, तार वेटोळी केली तरी दुसऱ्या टोकाला उजेडाचा ठिपका! इतकी वर्षं मुलांना फळ्यावर शिकवलं की प्रकाश सरळ रेषेत जातो, आणि तो माझ्या देखत वळून आला. तू असतास तर म्हणाला असतास, सत्या, गॅसवर दूध आहे. होतंच, आणि उतू गेलं.

डबा चालू करायला मात्र मला काहीच करावं लागलं नाही. प्रज्योत फोनवर म्हणाला, "आई, तू कशाला हात लावू नकोस. डब्याच्या खाली चौकोनी ठिपक्यांचं चित्र आहे, त्याचा फोटो मला पाठव. बाकी सगळं मी इथून करतो." आणि केलं की! नाव त्यानेच दिलं, पासवर्डही त्यानेच ठरवला. माझ्या घरातला डबा खारघरमध्ये बसून चालू केला. मी शेजारी सगळ्यांना सांगून आले.

मी आधी तो लोखंडी कपाटामागे ठेवला होता. स्वयंपाकघरात काही येईना. मग मोबाइल हातात धरून मी घरभर फिरले. चिऱ्याच्या भिंतीपलीकडे जोर निम्मा होतो, पत्र्याआड तर संपतोच. शेवटी मधल्या खोलीत उंच फळीवर ठेवला, तर आता पार विहिरीपर्यंत येतं. मोबाइलवर एकाच डब्याची दोन नावं दिसतात. एक वेगवान पण भिंतीला घाबरणारं, दुसरं सावकाश पण लांब जाणारं. अशी माणसं आपल्याही भावकीत आहेत.

हो, एक राहिलंच. आपली सूनबाई, कल्पिता, आली आहे, हवापालटाला. तिच्या विमा कंपनीचं काम घरून करता येतं, तेव्हा इथेच बसून करेल. प्रज्योतला सुट्टी नाही, म्हणून एकटीच आली. बॅगा दोन मोठ्या आणल्यात. पावसात कपडे वाळत नाहीत, म्हणून जास्त आणले असतील.

वहिनींना नमस्कार.
तुझी
सत्या


बोर्ली पंचतन,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

तू विचारतोस, गणपतीच्या सुट्टीत प्रज्योत येणार का आणि दोघं मिळून तुमच्याकडे तळ्याला चक्कर मारतील का. त्याचं काही नक्की नाही. तो कामात आहे. बरा आहे.

मी सध्या एका कोड्यात अडकले आहे, ते तुला सांगते. तू हिशेबी माणूस, कदाचित तुला सुटेल.

कल्पिता सकाळी चहा घेऊन लॅपटॉप उघडते. थोडं काम होतं न होतं तोच तिचं नेट जातं. मग येतं, मग पुन्हा जातं. साहेबांशी बोलत असताना तर हमखास. पहिल्यांदा मी विजेवर संशय घेतला. पण डब्यावरचा दिवा हिरवाच. मग वाटलं, माकडांनी वायर ओढली. बाहेर जाऊन पाहिलं, वायर जागच्या जागी. मग लक्षात आलं, कल्पिताचं नेट गेलेलं असतानाही माझ्या मोबाइलवर बातम्या चालू आहेत! टीव्हीही चालू. एकच डबा, एकच वायर, आणि फक्त एकीलाच उपाशी ठेवतो.

मग म्हटलं, दोष लॅपटॉपचा असेल. तिला माझ्या मोबाइलवरून नेट जोडायला लावलं. रेंज अर्धवट, पण लॅपटॉप मुकाट चालला. म्हणजे लॅपटॉप शहाणा. तिला विहिरीजवळच्या पडवीत बसवलं, तिथेही तेच. मधल्या खोलीत डब्याच्या नाकासमोर बसवलं, तिथेही तेच. वर्गात प्रयोग फसला की मी मुलांना सांगायचे, फसला नाही, आपण चुकीचा प्रश्न विचारला. तसा मी इथे कुठला प्रश्न चुकीचा विचारतेय, हे कळत नाही.

पूनमला फोन केला. ती म्हणाली, "बाई, लायनीत काय बी न्हाय. माझ्याकडं सगळं हिरवं दिसतंय. सवड झाली की येऊन बघते."

गेल्या आठवड्यात कल्पिताच्या ऑफिसातून तंबी आली. असंच चाललं तर तिला ऑफिसात येऊन बसावं लागेल, म्हणजे वाशीला. तेव्हापासून ती छत्री घेऊन एसटी स्टँडच्या बाजूला जाते. तिथे मोबाइलची रेंज बरी आहे. बाकावर बसून, मांडीवर लॅपटॉप ठेवून काम करते. लोक बघतात. परवा मी तिच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन गेले, तर हसून म्हणाली, "आई, जाऊ द्या ना. नका शोधत बसू."

नका शोधू म्हणणारी माणसं मला कधी कळली नाहीत. शोधल्याशिवाय सापडणार कसं?

तू महिपतभाऊंना भेटलास तर सांग, तुमची लेक इथे मजेत आहे. एवढंच सांग.

तुझी
सत्या


बोर्ली पंचतन,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

तुझी दोन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या पत्रात तू सरळच विचारलंस, "सत्या, काय लपवतेस?" आता सांगते. नीट बसून वाच.

पूनम आली. तिने मोबाइल राउटरला जोडला, काहीबाही पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, या राउटरचा मालक कोण?"

मी म्हटलं, "मी. घर माझं, फळी माझी."

"तुमी न्हाय, बाई. फळी तुमची, पर राउटरचं अ‍ॅप दुसऱ्याच्या नावावर हाय. त्याला तिकडं बसल्या बसल्या दिसतंय घरात कोण कोण नेट वापरतंय. ज्याचं बंद करायचं त्याचं बोटानं बंद. तुमचा राउटर बिघडलेला न्हाय. कोनीतरी मुद्दाम सांगतोय त्याला."

ज्याने माझ्या घरातला डबा खारघरहून चालू केला, त्यालाच तो खारघरहून बंदही करता येणार. इतकी साधी गोष्ट, दादा. मी घरभर मोबाइल घेऊन फिरले, वायरी पाहिल्या, माकडांवर आळ घेतला, पण इकडे बघितलंच नाही. बघायचं नव्हतं.

पूनम गेली. कल्पिता दारात उभी होती. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं, आई. खारघरलाही असंच करायचे. भांडण झालं की माझ्या मोबाइलचं नेट बंद. बैठकीच्या खोलीत कॅमेरा लावला, तो चोरांसाठी म्हणे. मी कोणाशी किती वेळ बोलले ते संध्याकाळी मलाच वाचून दाखवायचे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुमचा मुलगा आहे."

दादा, ती हवापालटाला आलेली नाही. घर सोडून आली आहे. पहिल्या दिवशी दारातच म्हणाली होती, "आई, मला थोडे दिवस राहू द्याल?" मी तिला आत घेतलं, जेवायला वाढलं आणि पुढे काही विचारलं नाही. ज्या बाईला काचेच्या तारेतून उजेड कसा वळतो हे विचारायला सुचतं, तिला समोर बसलेल्या सुनेला 'काय झालं गं' एवढं विचारायला सुचलं नाही. आणि तुला कळवलं नाही, कारण हे लग्न तू जमवलंस. महिपतभाऊ तुझे ऑफिसातले जुने मित्र. त्यांच्यापुढे तुझी मान खाली जाईल, असं वाटलं.

मी प्रज्योतला फोन केला.

"तू तिचं नेट बंद करतोस?"

तो म्हणाला, "आई, तिथे तिला सगळं मिळालं तर ती परत कशाला येईल? काम अडलं की येईल आपोआप. तुलाही वाटतं ना, आमचा संसार टिकावा?"

"वाटतं."

"मग तू मध्ये पडू नकोस. मी काही मारलं नाही तिला, शिवी दिली नाही. नुसतं बटण दाबतो."

"ती स्टँडवर बाकावर बसून काम करते, प्रज्योत. पावसात. लोक बघतात."

"मग यावं ना घरी!"

तो ओरडला नाही. हे सगळं इतक्या शांतपणे बोलत होता, जणू मला एखादं गणित समजावतोय. मी विचारलं, "मी कधी टीव्ही लावते, किती वेळ मोबाइल बघते, तेही दिसतं का तुला?" तर म्हणाला, "ते तुझ्या काळजीपोटी, आई." लहानपणी तो खेळायला गेला की मी दर थोड्या वेळाने दारात येऊन बघायचे. ती काळजी आणि ही काळजी, यात वेगळं काय आहे हे मी फोन ठेवल्यावर किती तरी वेळ शोधत बसले. मग सापडलं. मला बघून तो धावत यायचा. कल्पिता मात्र त्याचं नाव मोबाइलवर दिसलं की बसल्या जागी आकसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, "चल, हा डबा पहिल्यापासून लावू. तू वाच, मी करते." राउटरसोबत आलेली पुस्तिका तिने उघडली. मागच्या बाजूला बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून दाबून धरायचं, सगळे दिवे विझेपर्यंत. मी टाचणी हातात घेतली आणि थांबले. वाटलं, आपण दाराला आतून कडी घालतोय आणि बाहेर आपलाच मुलगा आहे.

कल्पिता म्हणाली, "आई, नको असेल तर राहू द्या. मी वाशीला खोली बघते."

मी दाबलं. दिवे गेले. परत लागायला वेळ लागला.

मग मी एकेक समजून घेत गेले. राउटरला दोन कुलपं असतात. एक वायफायचं, ते आल्यागेल्याला कळलं तरी फार बिघडत नाही. दुसरं खुद्द राउटरचं, ज्याच्या हाती ते तो मालक. आपण सगळे पहिलं बदलतो आणि दुसरं तसंच सोडून देतो. मी दोन्ही बदलली. अ‍ॅप माझ्या मोबाइलवर, माझ्या नावाने घेतलं. बाहेरगावाहून राउटर चालवायची सोय बंद केली. नुसतं बटण दाबून कोणालाही आत घेणारी एक सोय होती, तीही बंद. कंपनीची नवी दुरुस्ती, म्हणजे अपडेट, आली होती, ती उतरवून घेतली. पाहुण्यांसाठी वेगळं नाव ठेवता येतं, ते शेजारच्यांना दिलं. पासवर्ड मोठा हवा आणि कोणाला अंदाज येऊ नये असा हवा. मी म्हटलं, प्रज्योतची जन्मतारीख तर नकोच. हे बोलताना मला हसू आलं आणि मग रडू. कल्पिताने पाणी आणून दिलं.

त्या दुपारी तिचं नेट एकदाही गेलं नाही. ऑफिसच्या साहेबांशी ती मोठ्याने बोलत होती. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत ऐकत होते. तिचा एवढा मोकळा आवाज मी लग्नानंतर ऐकलाच नव्हता.

संध्याकाळी प्रज्योतचा फोन आला. "आई, राउटर बंद पडलाय का? मला दिसत नाही." मी म्हटलं, "चालू आहे. मी तो नव्याने लावला." मग म्हणाला, "तिने शिकवलं तुला." मी म्हटलं, "नाही रे. पुस्तिकेत सगळं लिहिलेलं होतं." त्याने फोन ठेवला. त्यानंतर केलेला नाही. मी रोज करते, तो उचलत नाही.

दादा, मला दोन कामं सांगायची आहेत आणि दोन्ही अवघड आहेत. महिपतभाऊंकडे तू स्वतः जा. बाहेरून कळायच्या आत तुझ्या तोंडून कळू दे. सांग की लेकीला बळेच खारघरला परत पाठवायची घाई करू नका, आणि माहेरी नेण्याचीही नको. तिला जेव्हा जिथे जायचं असेल, ते ती सांगेल. तोवर ती माझ्या घरात आहे, पाहुणी म्हणून नाही. त्यांनी तुला बोल लावले तर ऐकून घे. माझ्या वाट्याचेही ऐकून घे.

दुसरं काम खारघरचं. प्रज्योत तुझा एकुलता भाचा. मी फोनवर जे बोलू शकले नाही, ते तू त्याच्यासमोर बसून बोल. तुला ऐकू येत नाही, हे या वेळी बरंच आहे, तो वाद घालू शकणार नाही. काय बोलायचं ते मला सांगता येत नाही. कल्पिताला परत मिळवायच्या युक्त्या त्याला सांगू नकोस. फक्त विचार, की त्याला इतकी भीती कशाची वाटते. हे मी त्याला कधीच विचारलं नाही. आणि तो जेवल्याशिवाय तिथून उठू नकोस, एकटा असला की तो जेवत नाही.

इथे पाऊस ओसरलाय. कल्पिता पडवीत बसून काम करतेय आणि मधूनच विचारतेय, मामांना माझा जयभीम लिहिलात का. लिहिते आहे.

जाशील ना, दादा?

दोन्ही लेकरांच्या काळजीत,
तुझी
सत्या