गच्चीवरून दिसलेला तिसरा अतिनवतारा

मी, बुद्धप्रिया संघपाल सोनकांबळे, वय ६८, निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापिका, राहणार कंधार, जिल्हा नांदेड, कोणाच्याही दबावाखाली नसताना, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र करून ठेवते. माझं मन ठिकाणावर असल्याचा डॉ. तनुजा यांचा दाखला सोबत जोडला आहे. शेजारच्या केवळाबाईंना तो जरूर दाखवावा.

१. कंधारचं राहतं घर माझी एकुलती एक मुलगी लुंबिनी हिला. ती लातूरला कॉलेजात शिकवते. घर भाड्याने द्यायला हरकत नाही. गच्ची देऊ नये.

२. गच्चीवरची दुर्बीण, कॅमेरा आणि संगणक तिलाच. मी आणि माझे पती संघपाल यांनी त्याच त्या दीर्घिकांचे फोटो वर्षानुवर्षं घेतले. एखादा तारा फुटला की जुन्या फोटोत नसलेला ठिपका उमटतो. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याचं तेज मोजायचं; तो उजळतो, शिगेला पोचतो, मग विझत जातो. एका दीर्घिकेत असा अतिनवतारा शतकात एखादाच, म्हणून शेकडो दीर्घिकांवर नजर ठेवावी लागते. लुंबिनी, काहीच न सापडलेल्या रात्रीही मोजणीत धर, नाहीतर तारे फुटण्याचा दर खोटा निघतो.

३. शिलाई मशीन केवळाबाईंना. अट एकच: आमच्या गच्चीकडे तोंड करून लावलेला हॅलोजन त्यांनी खाली वळवावा. तो का लावला, तेही सांगते. आम्हाला सापडलेला पहिला तारा शिगेला पोचला त्या दिवशी माझ्या सासूबाई कोंडाबाई गेल्या. दुसरा शिगेला पोचला आणि संघपाल चहा पिता पिता गेले. माती देऊन लोक परतले तशा केवळाबाई दारात आल्या.

"बाई, तुमची ती नळी माणसं खाऊन राहिली. नदीत फेका."

"ते तारे कोट्यवधी वर्षांमागं फुटलेत, केवळाबाई. दोन घटनांवरून काही सिद्ध होत न्हाई."

"मग तिसऱ्याची वाट पाहता का?"

त्याच आठवड्यात, मला तारे दिसूच नयेत म्हणून, हॅलोजन लागला.

४. माझ्यामागे त्रिशरण-पंचशील म्हणावं. बाकी कसलाही विधी नको.

५. गेल्या आठवड्यात तिसरा ठिपका दिसला. रोज उजळतो आहे. मी हसले, आणि दुसऱ्या दिवशी वकिलांना फोन केला. माझी तयारी होती. आज सकाळी, सुट्टीवर आलेली लुंबिनी नवे फोटो पाहत बसली होती.

"आई, इकडं ये. एकाच दीर्घिकेत दोन दिसून राहिलेत गं!"

मी फोटो पुन्हा पुन्हा तपासले. कॅमेऱ्याचा दोष नाही. तिसऱ्याला लागूनच चौथा उमटला आहे. असं क्वचित घडतं, पण घडतं. मी तिला तसंच सांगितलं. ती आनंदाने टाळ्या पिटत होती. मी घरात उरलेली माणसं मोजत होते: दोनच.

६. ॲड. शिवशंकर बिरादार यांचा आग्रह होता, "मॅडम, ही ओळ प्रत्येक मृत्युपत्रात असते. लुंबिनीताई तुमच्या आधी गेल्या तर मिळकत कोणाला, एवढंच सांगा."

ती ओळ मी लिहू दिलेली नाही. त्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारून शेजारी सही केली आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: बुद्धप्रिया सोनकांबळे
साक्षीदार: १. डॉ. तनुजा कदम २. ॲड. शिवशंकर बिरादार
कंधार, १४ जानेवारी २०२५