तिसऱ्या रांगेतलं बाक

९ ऑक्टोबर

चि. सौ. ठकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गुडघा दुखतो आणि तरी शिडीवर चढतेस, म्हणजे लहानपणची खोड गेली नाही. या वयात तुला कोण ओरडणार? मीच ओरडतो, लांबून.

आमच्या शाळेची जुनी इमारत पाडली. बाकं भंगारात चालली होती, त्यातलं एक मी मागून आणलं. तिसऱ्या रांगेतलं, खिडकीजवळचं. त्या बाकाकडे बघत मी बत्तीस वर्षं कविता शिकवल्या. एखादं कडवं मुलांना भिडलं की आधी तिसऱ्या रांगेला कळायचं, पहिली रांग तर नुसती उतरवून घेण्यात गुंग. माझी खोली वर आणि जिना अरुंद, म्हणून बाक उन्हाळ्यापासून घरमालकिणीच्या मागच्या अंगणात माझ्या लाडक्या झाडाखालीच पडून आहे. तुझ्या शेडमध्ये द्राक्षं निवडणाऱ्या बायकांना बसायला काही नाही म्हणालीस, तर परवाच्या ट्रकने ते पाठवतो आहे. एकच विनंती. फळीच्या खालच्या अंगाला वाळलेल्या चिखलासारखे काही पट्टे चिकटलेत. पोरांनी काय काय फासून ठेवलं असेल, देव जाणे! ते खरवडू नकोस. तुझा हात घासणीकडे फार लवकर जातो. तेवढ्या खुणा राहू देत.

झाडावर सध्या पाहुणे उतरलेत. अंगठ्याच्या पेराएवढे किडे, अंगावर ठिपक्यांची राखाडी शाल. पण उडी मारली की शालीखालून असा लालभडक रंग दिसतो, की जिन्यावरचा माणूस जिन्यावरच उभा राहतो. खोडावर शेकड्यांनी बसतात. खाली फरशी सगळी चिकट झाली आहे. असू दे चिकट. या घरात इतका रंग कित्येक वर्षांत आला नव्हता.

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढवावा.

तुझा दादा

२२ ऑक्टोबर

ती. स्व. दादास शि. सा. नमस्कार वि. वि.

बाक सुखरूप पोचलं. शेडच्या दाराशी, वेलींच्या पहिल्या ओळीला लागूनच ठेवलंय. बादली भरून घेतली होती, तेवढ्यात तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि पाणी ओतून दिलं. बायका म्हणतात, मास्तरांचं बाक आहे, बसलं की पाढे येतील. हे म्हणाले, तुझ्या दादाला कावळा दिसला तरी दोन कडवी होतात, किडे दिसले म्हणजे आता खंडकाव्य येणार.

पण दादा, हसण्यावारी नेऊ नकोस. गेल्या महिन्यात बागायतदारांच्या सभेत कृषी खात्याचा माणूस आला होता. परदेशातून आलेला एक किडा म्हणाला, ठिपक्याचा, आतून लाल. वेलीचा रस शोषतो, चिकटा टाकतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि दोन-तीन वर्षांत उभी बाग वाळते. आमच्या खोऱ्यात अजून आलेला नाही. त्याने लांबूनच एक चित्र दाखवलं, कागद काही वाटले नाहीत. शहरात ग्रंथालयाच्या फलकावर सविस्तर माहिती लावली आहे म्हणाला. तू उद्याच जाऊन बघ. तोच असेल तर खाली फोन नंबर आहे, त्यावर कळव. एवढं माझ्यासाठी कर. सव्वीस वर्षं हातांनी वाढवलेल्या वेली आहेत रे.

तब्येतीला जप. मोठ्यांचा लोभ असतोच, तरी मागते.

तुझी ठकी

१६ नोव्हेंबर

चि. सौ. ठकीस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. ग्रंथालयात जाऊन आलो. चष्मा पुसून नीट पाहिलं. आपले किडे ते नव्हेत, आपले जरा फिकट होते. शिवाय थंडी पडली आणि सगळे गेले. झाड आता उघडं उभं आहे. पहाटे त्याच्या फांद्यांमधून आकाश दिसतं, तेवढं एक सुख.

बाक कसं आहे? शेडमध्ये अडचण होत असेल तर बाहेर काढून टाक. घासून-पुसून घेतलंस तरी माझी हरकत नाही. मागे मी उगाच काहीतरी लिहिलं. म्हाताऱ्याचं किती मनावर घ्यायचं?

कळावे. लोभ असू द्यावा.

तुझा दादा

७ मे

ती. स्व. दादास नमस्कार.

घाईत लिहिते आहे. सोमवारी पहिल्या ओळीच्या कोवळ्या फुटव्यांवर तिळाएवढे काळे किडे दिसले, अंगावर पांढरे ठिपके. हात लावला की टुणकन उडायचे. असं काही मी आजवर पाहिलं नव्हतं. हे म्हणाले, दोन दिवस थांबू, बोभाटा झाला तर आपला माल कुणी उचलणार नाही. मी थांबले नाही. चार किडे बाटलीत भरले आणि तासाभरात कृषी खात्याला फोन केला.

अधिकारी आल्या. बाई आहेत, कमी बोलणाऱ्या. वेली बघितल्या, शेड बघितली आणि सरळ बाक उलटं केलं. तुझे ते चिखलाचे पट्टे म्हणजे अंडी होती, दादा. एकेका पट्ट्यात तीस-चाळीस, रांगेने मांडलेली, वरून लेप दिलेला. सगळी फुटून रिकामी झालेली. बाईंनी विचारलं, हिवाळाभर इथे होतं तर कुणी खरवडलं कसं नाही? तू नंतर घासायला हरकत नाही म्हणून लिहिलंस, तेव्हा मला वाटलं दादा माझं मन राखतोय. म्हणून तर मुद्दाम हात लावला नाही.

बागेला आता दोरी बांधली आहे. पान बाहेर न्यायची परवानगी नाही. कीड या बाकावरूनच आली, दुसरीकडून नाही, हे सिद्ध झालं तर शेडजवळच्या अकरा ओळी आणि शेजारणीच्या चार एवढ्याच काढतील. नाहीतर अख्ख्या उतारावरच्या वेली काढतील. त्यासाठी तुझा जबाब हवा. बाक झाडाखाली कधीपासून होतं, किडे कधी दिसले, फलकावर तू काय पाहिलंस. तारखा लिही, पानगळीच्या सुमारास वगैरे चालणार नाही. मी बाईंना सांगितलंय की माझा भाऊ बघायला गेला होता, पण त्याची नजर अधू झाली आहे. नजरच होती ना दादा? तेवढं लिही.

ठकी

१३ मे

चि. ठकीस आशीर्वाद.

नजर नव्हती.

३० ऑक्टोबरला मी फलकापुढे उभा राहिलो. किड्याचं चित्र होतं, तोच होता. शेजारी अंड्यांचं चित्र होतं, वाळलेल्या चिखलासारखं. पाहताक्षणी बाक डोळ्यांपुढे आलं. खाली लिहिलं होतं की कीड सापडेल तिथलं झाड तोडावं लागेल. दुसरी वाक्यं मी वाचली, पण मनात तेवढंच राहिलं. आणि तुला तर मीच खरवडू नको म्हणून बजावलं होतं. तुझ्यापुढे मी कधी चुकलो नाही, ठके. लहानपणापासून तू विचारायचीस आणि मी सांगायचो. थंडीने सगळं मरेल अशी मी स्वतःची समजूत घातली. घासून घे असं आडून लिहिलं, सरळ लिहायला धजलो नाही. सहा महिने रोज सकाळी वाटायचं की आज लिहू. पट्टे खरवडायला बोथट सुरी आणि एक दुपार, एवढंच काम होतं.

काल कार्यालयात जाऊन हे सगळं तारखांसकट लिहून दिलं. सही केली. झाड आज सकाळी तोडलं. मी खिडकी लावून घेतली नाही, बघत राहिलो.

क्षमा मागायला तोंड नाही. तिकडे येऊ का? वेली काढायला हात लागतील.

दादा

४ जून

ती. स्व. दादास नमस्कार.

जबाब पोचला. त्यामुळे उतार वाचला, हे खरं आहे म्हणून सांगते. अकरा ओळी आमच्या, चार शेजारणीच्या. मुळासकट उपटून तिथेच जाळल्या. हे दिवसभर घराबाहेर पडले नाहीत. उरलेल्या बागेवर तीन वर्षं पहारा राहील.

शेजारीण बावीस हंगाम माझ्याबरोबर घड निवडायला बसली. तिला मी स्वतः जाऊन सांगितलं की कीड माझ्या भावाकडून आली आणि त्याला ती माहीत होती. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, माझ्या भावाने असं केलं असतं तर मी तुला सांगितलं नसतं. हे चांगलं म्हणाली की वाईट, मला अजून कळलेलं नाही.

नजर असती तर मी तुझे डोळे तपासायला घेऊन गेले असते. चूक असती तर सगळ्यांपुढे तुझी बाजू घेतली असती. पण तू ऑक्टोबरात पाहिलंस आणि नोव्हेंबरात मला फांद्यांमधलं आकाश लिहून पाठवलंस.

येऊ नकोस. हात पुरेसे आहेत, आणि जाळायचं काम संपलं. पत्र मात्र लिही. तब्येतीचं लिहिशील, बरं आहे म्हणशील. मी वाचेन. आणि मग तुझ्या घरमालकिणीला फोन करून विचारीन की खरं कसं आहे.

लोभ असावा. लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

ठकी